हिरवळीचा जमाखर्च

मार्च उजाडला की पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत गृहसंकुलांच्या फाटकातून पाण्याचे टँकर आत येऊ लागतात. त्याच वेळी आत कुंपणालगत माळी रबरी पाइप धरून हिरवळीवर पाणी मारत असतो. टँकरचं पाणी आणि पाइपातलं पाणी, दोन्ही बहुधा जमिनीखालूनच आलेलं असतं. एक कुठल्या तरी गावच्या विहिरीतून, दुसरं संकुलाच्या स्वतःच्या बोअरमधून. यात कुणाला विसंगती वाटत नाही, कारण हिरवं दिसतं ते पर्यावरणाच्या भल्याचंच असा आपला पक्का समज आहे. झाडं पाणी धरून ठेवतात, बागेमुळे जमिनीत पाणी मुरतं, काँक्रीटपेक्षा गवत बरं, ही विधानं खोटी नाहीत. पण ती कुठल्या मातीवर, कुठल्या खडकावर आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यात खरी ठरतात, हे विचारल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. शोभेच्या हिरवळी, उद्यानं, मैदानं आणि त्यांच्याखालचं भूजल यांच्या नात्याचा आढावा म्हणूनच खडकापासून घ्यावा लागतो.

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टवर वसलेला आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झालेला हा काळा पाषाण मूळचा पाणी साठवणारा नव्हे. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात, दोन थरांच्या सांध्यात आणि खालच्या कातळातल्या भेगांमध्ये. मधेच लाल गेरूचा पातळ थर लागतो आणि बऱ्याचदा तो पाण्याला खाली जाऊ देत नाही. वाळूच्या प्रदेशात जमिनीखाली पाण्याचा विस्तीर्ण, सलग साठा असतो. आपल्याकडे तो तुटक, उथळ आणि टेकडीगणिक बदलणारा. शंभर लिटर आकारमानाच्या झिजलेल्या बेसॉल्टमधून निथळून हाती येणारं पाणी एक ते तीन लिटर, फार तर. म्हणजे एक हेक्टर जमिनीखालची पाणीपातळी एक मीटरने उतरली, तर आपण उपसलेलं पाणी भरतं सुमारे दोन लाख लिटर.

हा आकडा हिरवळीच्या तहानेशेजारी ठेवून पाहू. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मेच्या उन्हात दाट हिरवळीतून रोज साधारण पाच मिलिमीटर पाणी वाफ होऊन उडतं. हजार चौरस मीटरची हिरवळ, म्हणजे मध्यम आकाराच्या संकुलातलं ‘गार्डन’, रोज पाच हजार लिटर मागते. शहरी पाणीपुरवठ्याच्या माणशी १३५ लिटर या निकषाने ते सदतीस माणसांचं पाणी झालं. फेब्रुवारीअखेरपासून शंभर दिवस धरले, तर पाच लाख लिटर. एकट्या त्या गवतापायी एक हेक्टर जमिनीखालची पातळी अडीच मीटर खाली जाऊ शकते. पुण्यात पाऊस पडतो सुमारे ७०० मिलिमीटर. भूजलाचा अंदाज बांधण्याच्या सरकारी पद्धतीत बेसॉल्टमध्ये मुरणारा वाटा साधारण ७ ते १३ टक्के धरतात. मधला दहा टक्के घेतला, तर मोकळ्या जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे वर्षाला ७० लिटर पाणी मुरतं, आणि हिरवळीचा तेवढाच तुकडा एका उन्हाळ्यात ५०० लिटर पितो. सात चौरस मीटर जमिनीने पावसाळ्यात कमावलेलं एक चौरस मीटर गवत खर्चून टाकतं. बाग पाणी मुरवते हे खरंच, फक्त बोअरवर जगवलेली बाग मुरवते त्यापेक्षा कितीतरी जास्त उपसते.

या हिशेबात वेळेला फार महत्त्व आहे. बेसॉल्टमधला साठा वर्षातून एकदाच, जून ते सप्टेंबरमध्ये भरतो आणि मेअखेर जवळजवळ रिता होतो. हिरवळीला सगळ्यात जास्त पाणी लागतं ते नेमकं साठा तळाला गेलेला असताना. आणि हिरवळीवर टाकलेलं खत-औषध धुपून खाली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते ती नेमकी साठा भरत असताना. म्हणजे उन्हाळ्यात प्रमाणाची हानी, पावसाळ्यात गुणवत्तेची. बागेच्या व्यवस्थापनाबद्दल जे काही बोलायचं ते या दोन ऋतूंभोवती फिरतं. आपल्याकडची बहुतेक बागकामाची पुस्तकं आणि ठेकेदारांची वेळापत्रकं मात्र हा फरक जाणतच नाहीत.

आधी उपशाचं पाहू. ‘महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९’ प्रत्यक्ष अमलात यायला २०१४ साल उजाडलं. साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर तो बंधनं घालतो. शहरातल्या नव्या बोअर दोनशे फुटांवर थांबत नाहीत हे ज्याने बोअरचं मशीन गल्लीत रात्रभर घरघरताना ऐकलं आहे त्याला सांगायला नको. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोज वीस घनमीटरपेक्षा जास्त भूजल लागणाऱ्या नव्या गृहसंकुलांना सांडपाणी प्रक्रिया केंद्र सक्तीचं आहे, आणि ते पाणी शौचालयांसाठी, गाड्या धुण्यासाठी आणि बागेसाठी वापरायचं आहे. कागद चांगला आहे. पण बहुसंख्य संकुलांत बोअरला मीटरच नसतो. टँकरचा हिशेब सेक्रेटरीच्या वहीत पैन् पै असतो, कारण त्याचं बिल येतं. बोअरच्या पाण्याचं बिल येत नाही, विजेचं येतं, आणि ते लिफ्ट, जिन्यातले दिवे नि पंप यांच्यात मिसळून जातं.

दुसरा मुद्दा हिरवळ कशावर उभी आहे याचा. आता बागा जमिनीवर कमी आणि पोडियमवर जास्त होतात. खाली दोन-तीन मजले पार्किंग, त्यावर स्लॅब, स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, मग फूट-दीड फूट माती आणि तिच्यावर गवत. इथे पावसाचा एक थेंबही भूजलापर्यंत पोहोचत नाही, तो निचऱ्याच्या पाइपातून गटारात जातो. माती उथळ म्हणून ती लवकर तापते, लवकर सुकते, आणि पाणी अधिक मागते. भूजलाच्या बाजूने पाहिलं तर पोडियमवरची बाग म्हणजे निव्वळ खर्च. मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये निकाल दिला की किमान आवश्यक मनोरंजन मैदान हे जमिनीच्या पातळीवरच असलं पाहिजे, पोडियमवरची जागा त्यात धरता येणार नाही. बांधकाम व्यवसायात त्यावर खूप आदळआपट झाली. माझ्या मते शहरी भूजलाच्या दृष्टीने हा निकाल पर्जन्यजल संधारणाच्या अनेक परिपत्रकांपेक्षा मोलाचा आहे, जरी भूजल हा त्याचा मुख्य विषय नव्हता. राज्यातल्या बाकीच्या शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ४,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना दहा टक्के मोकळी जागा ठेवावी लागते, ५०० चौरस मीटरपासून पर्जन्यजल संधारण करावं लागतं. ती दहा टक्के जागा कशी राखायची, तिच्यात किती पाणी मुरलं पाहिजे, याबद्दल आपण काही मागत नाही. तिथे हिरवं दिसलं की पूर्णत्वाच्या दाखल्याचं काम भागतं.

जमिनीवरची बाग तरी मुरवते का? बहुतेक वेळा बांधकामाचा राडारोडा दाबून सपाट केलेली जागा, त्यावर बाहेरून आणलेल्या लाल मातीचे काही इंच आणि त्यावर अंथरलेले गवताचे तक्ते, अशी रचना असते. खालचा राडारोडा रोलरने इतका दाबलेला असतो की पाऊस वरून वाहून जातो. शिवाय उद्यानरचनाकारांना उंचवटे फार आवडतात. हिरवळीचे गोलाकार टेकाड, मधून फरशीची वाट. वाटेपेक्षा बाग उंच असली की पाणी वाटेवर येतं, वाटेवरून गटारात. बाग वाटेपेक्षा चार-सहा इंच खाली ठेवली तर फरशीचं पाणीही बागेत जिरतं. खर्च सारखाच, आराखड्यात फक्त उंची उलटी करायची. याचं एक टोकाचं ऐतिहासिक रूप पुण्यातच आहे. आज जिथे सारसबागेच्या हिरवळीवर लोक भेळ खातात, तिथे पर्वतीच्या पायथ्याचं पेशवेकालीन तळं होतं, आणि ‘तळ्यातला गणपती’ हे नाव अजून चालू आहे. विसाव्या शतकात त्या तळ्याची बाग झाली. पाणी जिरण्याच्या जागी पाणी घालण्याची जागा आली.

आता गुणवत्तेकडे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात महाराष्ट्रातल्या एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांमध्ये ही मर्यादा ओलांडलेली दिसते. हे सगळं हिरवळींनी केलं असं कुणी म्हणू नये. ग्रामीण भागात शेतातला युरिया आणि गोठे, शहरात गळके मैलावाहक पाइप आणि सेप्टिक टँक हे मोठे स्रोत. हिरवळीचा वाटा त्यांच्या मानाने लहान. पण तो वाटा पूर्णपणे हौसेचा आहे, त्याच्यावर कुणाचं पोट अवलंबून नाही, म्हणून तो आधी थांबवणं सोपं असायला हवं. युरियात ४६ टक्के नत्र असतं. एक किलो युरियातलं दहा टक्के नत्र जरी मुळांच्या खाली निसटलं, तरी त्यातून तयार होणारं नायट्रेट साडेचार हजार लिटर स्वच्छ पाण्याला मर्यादेच्या काठावर आणून ठेवतं. आणि माळ्याची पद्धत अशी की पहिला पाऊस पडला, जमीन ओली झाली की हिरवळीवर मूठमूठ युरिया फेकायचा, म्हणजे आठ दिवसांत गवत तरारतं. शंभर मिलिमीटरचा जुलैचा पाऊस त्यानंतर कधीही कोसळू शकतो.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात नेमकं याच प्रश्नावर पंधरा-वीस वर्षं वाद चालला आहे. तिथली जमीन वाळूची, भूजल उथळ, आणि पावसाळा आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर. सारासोटा काउंटीने २००७ मध्ये या चार महिन्यांत हिरवळीवर नत्रयुक्त खत टाकायला बंदी घातली. पिनेलास काउंटीने पुढे जाऊन त्या काळात अशा खताच्या विक्रीवरच बंदी आणली. विद्यापीठातल्या काही गवततज्ज्ञांनी याला विरोध केला. त्यांचं म्हणणं, पावसाळ्यातच गवत जोमाने वाढतं, तेव्हाच ते नत्र शोषून घेतं, त्या वेळी उपाशी ठेवलेलं विरळ गवत उलट जास्त गळती करेल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दाट, निरोगी गवताची मुळं नत्र धरण्यात पटाईत असतात हे मोजमापांनी दाखवलेलं आहे. दोष गवताचा नाही, एका वेळी टाकलेल्या मोठ्या मात्रेचा आणि मागोमाग येणाऱ्या मोठ्या पावसाचा आहे. आपल्यापुरता यातून निघणारा व्यवहार साधा आहे: जून ते सप्टेंबर युरिया बंद, कापलेलं गवत जागेवरच राहू द्यायचं, आणि खत द्यायचंच तर पावसाळा सरल्यावर कंपोस्ट. कापलेल्या गवतात त्याने शोषलेलं नत्र परत मातीला मिळतं. ते गोळा करून पोत्यात भरून कचरागाडीत टाकणं आणि मग नत्राची पोती विकत आणणं, हा उद्योग बहुतेक संकुलांत बिनबोभाट चालतो.

तणनाशकांच्या बाबतीत मात्र माझं मत इतकं समजूतदार नाही, आणि त्याला कारण डेन्मार्क. त्या देशात नळाला येणारं जवळजवळ सगळं पाणी भूजल आहे, आणि हवा मिसळणं नि वाळूतून गाळणं यापलीकडे त्यावर फारशी प्रक्रिया करत नाहीत. १९६० च्या दशकापासून तिथे डायक्लोबेनिल नावाचं तणनाशक खूप वापरलं गेलं, शेतात नव्हे, तर घरांची अंगणं, बागेतल्या वाटा, फरसबंद चौक आणि सार्वजनिक हिरव्या जागांमध्ये. ते मातीत विघटित होऊन त्यातून बीएएम या संक्षिप्त नावाने ओळखलं जाणारं एक संयुग तयार होतं. मूळ औषध मातीला चिकटून राहायचं, म्हणून ते सुरक्षित समजलं गेलं. हे संयुग मात्र चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली जातं आणि खाली गेल्यावर फार हळू विघटित होतं. १९९७ मध्ये त्या औषधावर बंदी आली. पण त्या संयुगामुळे पिण्याच्या पाण्याच्या अनेक विहिरी बंद कराव्या लागल्या, आणि बंदीनंतर दोन दशकं उलटल्यावरही डॅनिश भूजलात सर्वाधिक सापडणाऱ्या रसायनांत त्याचं नाव होतं. एका समृद्ध, शिस्तशीर देशाने अंगणातलं गवत काढायचा कंटाळा केला आणि पुढच्या पिढीच्या पाण्याला ते भोवलं. १९९८ पासून तिथल्या सार्वजनिक यंत्रणांनी आपल्या जागांवरची कीटकनाशकं आणि तणनाशकं टप्प्याटप्प्याने सोडायचा करार केला. फ्रान्सने २०१४ च्या, पुढे दुरुस्त झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०१७ पासून सार्वजनिक उद्यानांत आणि १ जानेवारी २०१९ पासून घरगुती बागांतही रासायनिक कीडनाशकांना मनाई केली.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फत वापरावं असं ठरवलं. बागेच्या ठेकेदाराच्या हातातल्या पाठीवरच्या पंपात काय आहे हे मात्र कुणी विचारत नाही. बेसॉल्टमध्ये हा धोका अधिक कडू आहे. वाळूत पाणी हळूहळू झिरपतं, वाटेत सूक्ष्मजीवांना काम करायला वेळ मिळतो. भेगांतून पाणी झपाट्याने उतरतं. वरचा मातीचा थर पातळ असला तर गाळणी अशी जवळजवळ नाहीच.

यातून एक अप्रिय गोष्ट पुढे येते. पर्जन्यजल संधारण म्हणून अनेक ठिकाणी बागेच्या सखल कोपऱ्यात पुनर्भरण खड्डा घेतात आणि तो थेट बोअरला जोडतात. पावसाळ्यात हिरवळीवरून वाहत आलेलं पाणी, त्यातला युरिया, तणनाशक, कुत्र्यांची विष्ठा, पार्किंगमधल्या तेलाचे ओघळ, सगळं विटा-वाळूच्या दोन थरांतून जाऊन सरळ भूजलात. ज्या मातीने ते अडवायचं तिलाच आपण बगल दिलेली असते. बोअरमध्ये थेट सोडायचं पाणी फक्त छपराचं, आणि तेही पहिल्या पावसाचं सोडून देऊन व गाळून. बागेतलं पाणी मातीतूनच मुरू द्यायचं, उथळ खळग्यांतून, चरांतून, झाडांच्या आळ्यांतून. संधारणाचा दाखला मिळवायच्या घाईत ही विभागणी पुसली जाते आणि चांगल्या हेतूने केलेलं काम प्रदूषणाची नळी बनतं.

बोअर नाही तर काय, याचं सरकारमान्य उत्तर म्हणजे प्रक्रिया केलेलं सांडपाणी. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं, आणि त्याच वेळी राज्यातल्या तीन मैदानांवर आयपीएलच्या खेळपट्ट्यांसाठी साठ लाख लिटर पाणी लागणार असल्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात आला. आयोजकांनी प्रक्रिया केलेलं पाणी वापरू असं सांगितलं, तरी ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायचा आदेश झाला. बंगळुरूने मार्च २०२४ मध्ये पिण्याचं पाणी बागेला घालण्यावर बंदी आणून पाच हजार रुपये दंड ठेवला. दोन्ही वेळा चर्चा टंचाईपुरती राहिली. पाऊस आला, विषय संपला.

प्रक्रिया केलेलं पाणी वापरावंच, पण डोळे उघडे ठेवून. त्यात नत्र आणि स्फुरद आधीच असतं, म्हणजे ते पाणी घालणाऱ्या बागेला वरून खताची गरज फारशी उरत नाही, आणि तरीही बहुतेक ठिकाणी दोन्ही दिलं जातं. त्यात क्षारही असतात. सोडियम जास्त असलेलं पाणी काळ्या चिकणमातीवर वर्षानुवर्षं मारत राहिलं तर मातीचे कण विखरून छिद्रं बुजतात आणि जमीन पावसाचं पाणी घेईनाशी होते. म्हणून कारंज्याने फवारण्यापेक्षा ठिबकने झाडांना, पावसाळ्यात एक-दोन वेळा चांगलं धुवून निघू देऊन, आणि पुनर्भरणाच्या जागांपासून लांब, असा त्याचा वापर हवा. अर्थात त्याआधी ते प्रक्रिया केंद्र चालू असायला हवं. विजेच्या बिलाच्या धास्तीने ते किती संकुलांत बंद असतं, हे तिथल्या रहिवाशांना नाकानेच कळतं.

गोव्याचा उल्लेख एवढ्यासाठी की तिथे या प्रश्नाचं सामाजिक रूप स्पष्ट दिसलं. जांभ्या दगडातून पाणी झटकन मुरतं आणि झटकन वाहूनही जातं. किनाऱ्याजवळ जास्त उपसा केला की विहिरीत खारं पाणी शिरतं. तेरेखोलसारख्या ठिकाणी गोल्फच्या मैदानाचा प्रस्ताव आला तेव्हा कुळांनी जमिनीच्या हक्कासाठी लढा दिला, आणि त्यात पाण्याची धास्तीही होती. मैलभर कापलेलं गवत ही पाहुण्यांची गरज, विहीर गावाची.

दुसरीकडे काय जमलं ते पाहण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये घरोघर बागेसाठी बोअर आहेत. तिथे १ जून ते ३१ ऑगस्ट या त्यांच्या हिवाळ्यात, म्हणजे पावसाच्या दिवसांत, स्प्रिंकलर बंद ठेवावेच लागतात, आणि सप्टेंबर २०२२ पासून खाजगी बोअरवरून बागेला पाणी देण्याची मुभा आठवड्यातून तीनऐवजी दोनच दिवस. पाणी स्वतःच्या जमिनीखालचं असलं तरी नियम सगळ्यांना सारखा, ही त्यातली खरी गोष्ट. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने २०२१ च्या कायद्याने लास वेगसच्या परिसरात ज्या हिरवळीवर कुणी खेळत-बसत नाही, जी फक्त दुभाजकात किंवा दुकानांसमोर शोभेला आहे, तिला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी द्यायला मनाई केली आहे. खेळाचं मैदान आणि शोभेचं गवत यांत फरक करणं आपल्याला सहज उचलता येईल. मुलं ज्यावर पळतात ते शंभर-दीडशे चौरस मीटर गवत ठेवा. इमारतीच्या मागच्या बाजूला, जिथे माळ्याशिवाय कुणी पाय ठेवत नाही, तिथली हिरवळ कशासाठी?

तिथे पर्याय भरपूर आहेत. परदेशी कार्पेट गवतापेक्षा आपली हरळी कितीतरी कमी पाण्यावर तगते. उन्हाळ्यात ती पिवळी पडते आणि पहिल्या पावसात पुन्हा उभी राहते. शेतकरी जिच्याशी पिढ्यान् पिढ्या झुंजला, तिला शहरात जगवायला पैसे मोजावे लागतात हा भाग वेगळा. बहावा, पळस, करंज, कडुनिंब यांसारखी झाडं रुजल्यावर दोन-तीन वर्षांनी पाणी मागत नाहीत. झाडाखाली गवत लावण्याचा हट्ट सोडून पाचोळा पसरला तर माती भुसभुशीत राहते, गांडुळं परततात आणि पाऊस वाहून न जाता आत जातो. पुण्यात २०१६ पासून ‘ब्राउन लीफ’ या उपक्रमाने पाचोळा जाळणारे आणि पाचोळा हवा असणारे यांची गाठ घालून दिली आहे.

बहुतेक संकुलांत बागेचं काम ठेकेदाराकडे असतं, आणि करारात एकच अट असते: हिरवळ बारा महिने हिरवीगार दिसली पाहिजे. ही अट आहे तोवर माळीकाका बिचारे युरिया टाकणार, तणनाशक मारणार आणि एप्रिलमध्ये पाइप चालू ठेवणार. त्यांच्याकडे दुसरा इलाजच नाही. पुढच्या वार्षिक सभेत करार नव्याने लिहायचा असेल तर बोअरला मीटर आणि पाणीपातळी मोजायला एक दोरी, मार्च ते मे शोभेच्या हिरवळीला पाणी बंद, जून ते सप्टेंबर रासायनिक खत बंद, तणनाशक कधीच नाही, कापलेलं गवत आणि पाचोळा आवाराबाहेर जाणार नाही, आणि बागेचा खड्डा बोअरपासून तोडलेला, एवढी कलमं पुरेत. पिवळ्या गवताबद्दल पहिल्याच मेमध्ये तक्रार येईल, बहुधा चेअरमनच्या घरातूनच. त्या वेळी दोरीने मोजलेले मार्चचे आणि मेचे आकडे सूचनाफलकावर लावून ठेवावेत.